आवडत नाही, की खाता येत नाही?

आज जरा भांडायचं आहे. भांडण एका कोष्टकाशी आहे.

परकी भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांत हे कोष्टक हमखास असतं. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्या भाषेतला 'अर्थ'. माझं पुस्तक थाई शिकवणारं होतं. 2008 साली नोकरीनिमित्त बँकॉकला गेलो तेव्हा घेतलेलं. त्यात नावडीच्या शब्दांची एक उतरंड होती : डिसलाइक, हेट, डिटेस्ट, लोद, ॲबॉर, डिस्पाइज. समोर थाई : माय चॉप, क्लिअत, क्लिअत माक (म्हणजे फार क्लिअत), मध्येच एखादा रंगकिअत, आणि मग पुन्हा क्लिअत. जणू नावड म्हणजे ताप आणि हे शब्द म्हणजे थर्मामीटरवरच्या रेघा! (थाईतले सूर देवनागरीत लिहिता येत नाहीत, तेव्हा उच्चार सांभाळून घ्या.)

मी ते घोकलं. शाळेपासूनची सवय. हेट म्हणजे द्वेष करणे, डिस्पाइज म्हणजे तिरस्कार करणे... पाच मार्कांचे समानार्थी शब्द.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई सोमतामची, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीची गाडी लावत. सगळे त्यांना 'पा' म्हणत. पा म्हणजे आईवडिलांपेक्षा वयाने मोठी मावशी किंवा आत्या. त्या मूळच्या ईशान्य थायलंडातल्या, इसानच्या. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, त्या स्वतःचा डबा उघडून बसल्या होत्या. चिकट भात आणि प्ला राची चटणी. प्ला रा म्हणजे गोड्या पाण्यातले मासे मीठ आणि तांदळाचा कोंडा किंवा भाजलेल्या तांदळाची पूड लावून महिनोन् महिने मुरवलेले. वास असा की लांबून कळावं. पांनी डबा माझ्यापुढे केला आणि म्हणाल्या, "था माय रंगकिअत..."

मी माझ्या ताज्या विद्येच्या जोरावर ठणकावून सांगितलं, "फोम क्लिअत प्ला रा." मी प्ला राचा द्वेष करतो.

पा हसल्या. डबा मागे घेतला. झाकण लावलं. नंतर आठवडाभर मला सोमताम मिळत होता, पण गप्पा बंद.

ऑफिसातल्या एका थाई सहकाऱ्याला हे सांगितलं तर त्याने कपाळाला हात लावला. 'था माय रंगकिअत' हे रोजचं आर्जव. आपण 'हरकत नसेल तर' म्हणतो तसं. पण शब्दाने अर्थ लावला तर 'तुला किळस वाटत नसेल तर'. रंगकिअत म्हणजे घाण समजून अंग चोरणं, एखाद्याच्या ताटातलं नको वाटणं, त्याच्याजवळ बसायला नको वाटणं. बँकॉकमध्ये इसानहून आलेल्या मजुरांना, टॅक्सीवाल्यांना, गाडीवाल्यांना गावंढळ म्हणून हिणवायचं असेल तर पहिलं बोट प्ला राच्या वासाकडेच जातं. म्हणजे त्या बाईने विचारलं, "आमची शिसारी नाही ना येत तुला?" आणि मी म्हणालो, "येते. फार येते."

हे मला कळायला हवं होतं हो! सुकट भाजताना स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घेणाऱ्या आजीचा मी नातू. वरच्या मजल्यावरून कोण नाक मुरडतंय याचा तिला धाक. पण मी थाई ऐकत होतो ते इंग्रजीच्या कानाने. इंग्रजीत लोक सोमवारालाही 'हेट' करतात, कोथिंबिरीलाही करतात. तो शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालाय. क्लिअत अजून तेवढा झालेला नाही. खाण्याच्या बाबतीत साधं 'माय चॉप' पुरतं, आणि समोर यजमान असेल तर 'माय खॉय चॉप', म्हणजे 'तितकंसं आवडत नाही'.

माझा मुद्दा असा की नावडीचे शब्द कमी-जास्तीच्या क्रमाने लावणं हीच मुळात चूक. प्रत्येक शब्द सांगतो की दोष कुठे ठेवलाय. इंग्रजीतसुद्धा तसंच आहे. ॲबॉर लॅटिनमधून आला, मूळ अर्थ दचकून मागे सरणं. आज तो नैतिक घृणेसाठी वापरतात. लोदमध्ये मळमळ आहे. डिस्पाइजच्या मुळाशी आहे खाली पाहणं. म्हणजे तो म्हणणारा माणूस वर उभा आहे.

आता थाई बघा. डिस्पाइजला त्यांच्याकडे चपखल शब्द आहे, 'दू थूक'. दू म्हणजे पाहणं, थूक म्हणजे स्वस्त. स्वस्तात काढणं! (मराठी कानाला थुंकी ऐकू येते तो निव्वळ योगायोग, पण छान योगायोग.) कोष्टकाने इथेही क्लिअतच छापलं होतं. एखादा माणूस उगाच खटकतो तेव्हा म्हणतात 'माय थूक चता'. इथला थूक म्हणजे जुळणं आणि चता म्हणजे जन्माची ग्रहदशा. आमची पत्रिकाच जुळत नाही! यात दोष ना त्याचा ना माझा, ग्रहांचा. कोणी फार मिरवायला लागला की जे वाटतं ते 'मन साय'. याला इंग्रजीत एका शब्दात उत्तर नाही, म्हणून कोष्टकात जागाच नाही. मराठीत मात्र आपण चटकन म्हणतो, "डोक्यात जातो तो!"

'क्रोत' हा आपला क्रोधच. रोजच्या बोलण्यातला 'रागावलाय' एवढाच अर्थ. 'इत्छा' ही आपली इच्छा, पण तिकडे तिचा अर्थ मत्सर झालाय. दुसऱ्याकडचं हवंसं वाटणं, दुसरं काय! इंग्रजीचा दलाल मध्ये नसता तर हे शब्द मला पहिल्याच दिवशी भेटले असते.

कोणी म्हणेल, नवशिक्याला एवढा तपशील कशाला, त्याला झटपट यादी हवी. मान्य. मग त्याला एकच शब्द द्या, माय चॉप, आणि थांबा. सहा शब्द देऊन पाचांसमोर खोटं लिहू नका. कोशकाराला कष्ट जमत नाहीत असंही नाही. 1933 च्या बंडानंतर राजकीय कैदी झालेल्या सो सेथपुत्र यांनी तुरुंगात बसून इंग्रजी-थाई कोश रचला. तुरुंगातून जमलं, मग सगळी पुस्तकं हाताशी असणाऱ्यांना का जमू नये?

असो. सहकाऱ्याने मला त्या दिवशी तीन शब्द शिकवले : 'किन माय पेन'. इंग्रजीत याचं 'कान्ट ईट' होतं आणि सगळी मजा जाते. मराठीत मात्र जसंच्या तसं : खाता येत नाही. पोहता येत नाही, सायकल येत नाही, तसंच. माशात खोट नाही, वासात नाही, कमी माझ्यात आहे.

दुसऱ्या दिवशी गाडीपाशी जाऊन म्हणालो, "पा, प्ला रा फोम किन माय पेन." त्यांनी उखळातला मुसळ थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि खळखळून हसल्या. "हत किन सी!" मग शीक की खायला!

शिकलो. अजून फार आवडत नाही. पण येतं.