तारा गप्प की आपला गोंगाट?

"एका दुर्बिणीपायी आमची रेल्वे अडली!" खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीसाठी पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग बदलणार, हे २०२५ मध्ये स्पष्ट झाल्यापासून हे वाक्य ऐकून कान किटलेत. मंडळी, मी विरारकर. रेल्वेची किंमत मला कुणी शिकवू नये! नारायणगाव-संगमनेरकरांची मागणी रास्तच आहे. पण राग भलत्यावरच निघतोय.

आमच्या आयटीतले मित्र तर हमखास म्हणतात, "सॉफ्टवेअरने फिल्टर करा की राव!" याला उत्तर द्यायलाच हवं.

पल्सार म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. दर फेरीला रेडिओलहरींचा एक ठोका. १९६७ साली सापडलेल्या पहिल्या पल्सारचा ठोका दर १.३३ सेकंदांनी येतो. घड्याळच जणू! पण १९७० मध्ये डोनाल्ड बॅकर यांनी दाखवून दिलं, की काही पल्सार मधेच गप्प बसतात. बी१९३१+२४ हा तर आठवडाभर बोलतो आणि महिनाभर गप्प! बरं, बोलत असताना त्याचं फिरणं सुमारे दीडपट वेगाने मंदावतं, हे २००६ मध्ये कळलं. म्हणजे हे मौन फुकाचं नाही. ताऱ्याभोवतीचे विद्युतप्रवाहच तेव्हा बदललेले असतात.

आता गोम अशी, की एकेक ठोका अतिशय क्षीण असतो. हजारो ठोक्यांची सरासरी काढली की आलेख सुरेख येतो, पण मौन त्यात गडप. आमची लोकलही सरासरीत वेळेवरच असते हो! म्हणून प्रत्येक ठोका सुटा पकडायचा, तर ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना लागतात. असली मौनं मोजण्याचं काम जीएमआरटीवर झालेलं आहे.

आणि फिल्टर काय करतो? खराब झालेला डेटा फेकून देतो. परत आणत नाही. त्या सेकंदांत तारा गप्प होता, की पँटोग्राफच्या ठिणग्यांच्या गोंगाटात बुडाला, हे कुठला अल्गोरिदम सांगणार?

"मग दुर्बीणच हलवा!" अहो, २५ किलोमीटरवर पसरलेली आहे ती. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरांच्या आडोशाची शांत जागा निवडून ती उभारली. शांतता क्रेनने उचलून नेता येत नाही. रूळ मात्र वळवता येतात.

तेव्हा रेल्वेसाठी जरूर भांडा. सोयीचा मार्ग मागा, तारीख मागा. पण भांडण रेल्वेशी करा, दुर्बिणीशी नको.