जुना दूरध्वनी आणि नवी संदेशव्यवस्था

१९६० सालच्या नोव्हेंबर महिन्यात लखनौ आणि कानपूर या शहरांदरम्यान भारतातील पहिली थेट ट्रंक-डायल सेवा सुरू झाली. हीच पुढे ‘एसटीडी’ या नावाने घरोघरी परिचित झाली. त्यापूर्वी परगावी बोलावयाचे असल्यास ट्रंक-कॉलची नोंद करून ऑपरेटरची वाट पाहावी लागे. या सेवेमुळे लखनौचा ग्राहक स्वतःच डायल फिरवून सुमारे ८० किलोमीटरांवरील कानपूरशी बोलू लागला. त्यासाठी त्याला निराळे यंत्र विकत घ्यावे लागले नाही. गावातल्या गावात बोलताना जी डायल फिरवावयाची, तीच येथेही उपयोगी पडली. नवी व्यवस्था जुन्या यंत्राच्या खुणा ओळखत होती, म्हणून हे शक्य झाले.

आज तोच प्रश्न निराळ्या रूपाने कचेऱ्यांपुढे उभा आहे. हजरतगंजमधील एखादी मध्यम आकाराची कचेरी डोळ्यांपुढे आणावी. तेथे भिंतींतून तांब्याच्या तारा गेलेल्या आहेत, खोल्याखोल्यांतून साधे फोन आहेत आणि एका कोपऱ्यात त्यांना जोडणारे जुने एक्स्चेंज आहे. बाहेरून मात्र आता इंटरनेटवरून आवाज वाहून नेणारी व्यवस्था येऊ पाहत आहे. विक्रेता म्हणतो, ‘सर्व काढून टाका.’ हिशेबनीस म्हणतो, ‘चालते आहे ते चालू द्या.’ हे दोन्ही सल्ले अपुरे आहेत.

याचे कारण समजण्यासाठी साध्या फोनचे कार्य पाहावयास हवे. एक्स्चेंज त्याला दोन तारांवरून सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश प्रवाह पुरविते. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होते. डायल फिरविली की प्रवाह अंकाइतक्या वेळा खंडित होतो. पाच फिरविला तर पाच वेळा. बटनांच्या फोनमध्ये त्याऐवजी प्रत्येक अंकासाठी दोन स्वर एकदम उमटतात. नव्या व्यवस्थेत हे काहीच नाही. तेथे आवाजाचे सेकंदास सामान्यतः ८,००० वेळा मापन होते आणि त्या मापांचे आकडे लहान लहान गठ्ठ्यांत बांधून पाठविले जातात. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या उपकरणास गेटवे किंवा अडॅप्टर म्हणतात. तो जुन्या फोनला एक्स्चेंजसारखा प्रवाह आणि घंटी पुरवितो, तर नव्या व्यवस्थेशी आकड्यांच्या भाषेत बोलतो.

दुभाषी चांगला असला तरी त्याला प्रत्येक बोली येते असे नाही. पुष्कळ अडॅप्टरांना बटनांचे स्वर कळतात, परंतु डायलचे स्पंद कळत नाहीत. मग असा फोन वाजतो, त्यावर बोलताही येते. क्रमांक मात्र लावता येत नाही. आवाजातील बारकावे गाळून तो आटोपशीर करण्याची पद्धत बोलण्यास चालते. फॅक्सच्या संदेशाची मात्र तीमुळे नासाडी होते. म्हणून फॅक्ससाठी निराळी योजना करावी लागते.

सर्वांत गंभीर प्रश्न विजेचा आहे. जुन्या टेलिफोन केंद्रात बॅटऱ्यांचा मोठा संच असे आणि फोनला लागणारी वीज तारेतूनच येई. गल्लीतील दिवे गेले तरी साधा फोन चालू राही, तो यामुळे. काचतंतूतून प्रकाश येतो, फोन चालविणारी वीज येत नाही. गेटवे आणि इंटरनेटचे उपकरण यांना कचेरीतील वीज लागते. ती गेली की फोन मुका होतो. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने किंवा रुग्णालयाच्या रात्रपाळीतील परिचारिकेने अशा वेळी कोणास हाक मारावी? जोडणीच्या खर्चाचा अंदाज करताना बॅटरीची तरतूद वगळणे ही काटकसर नव्हे.

सर्व काही नवे घ्यावे असे म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही एक सबळ मुद्दा आहे. जुन्या एक्स्चेंजचे सुटे भाग मिळणे कठीण होत जाते आणि ते दुरुस्त करणारे जाणते कारागीर निवृत्त होत जातात. ज्या यंत्राची दुरुस्ती करता येत नाही, त्याच्यावर साऱ्या कचेरीचा भार ठेवणे अयोग्य होय. परंतु हा न्याय एक्स्चेंजला लागू पडतो. भिंतीतील सुस्थितीतील तारा आणि मेजांवरील फोन यांना तो सरसकट लावता येत नाही. एक फोन बिघडला तर एक खोली अडते. एक्स्चेंज बिघडले तर सगळी कचेरी अडते.

तेव्हा योग्य मार्ग असा दिसतो. प्रथम कोणती तार कोठे जाते याचा नकाशा करावा. दुरुस्त न होणारे एक्स्चेंज बदलावे. चांगले फोन गेटवेने जोडून घ्यावेत. लिफ्ट, रुग्णकक्ष आणि पहारेकऱ्याची चौकी येथील फोन आधी तपासावेत, आणि तेही मुख्य वीज बंद करून. हे केल्यावाचून जुनी जोडणी तोडू नये. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनी तर ही तपासणी कंत्राटाची अटच करावी.