गादी, रजई आणि ई-कॉमर्सची पदवी

बारावीचा निकाल लागला की दोन-तीन आठवडे संध्याकाळी आमच्या ओसरीवर कोणी ना कोणी बसलेले असते. उर्दू शाळेतून शिकून गेलेली मुले, सोबत बाप नाहीतर मामा. प्रश्न ठरलेला : आता पुढे काय? यंदा एक मुलगी आली. दहावीपर्यंत माझ्याच हाताखाली उर्दू आणि मराठी शिकली, मग कॉमर्सला गेली. घर पिंजाऱ्याचे, अब्बांचे गादी-रजईचे दुकान. ती म्हणाली, "सर, मला ई-कॉमर्समध्ये बीबीए करायचं आहे." अब्बांनी माझ्याकडे पाहिले. "सर, ये पढको क्या होता? बी.ए. करके बी.एड. करी तो अच्छा नै क्या?"

मी स्वतः बी.एड. केलेला माणूस. या प्रश्नाला मी वर्षानुवर्षे मान हलवत आलो आहे. मुलगी हुशार असेल तर डी.एड., बी.एड.; शिक्षकी पेशा इज्जतीचा, वेळा सांभाळता येतात. असा सल्ला घेऊन गेलेल्या कितीतरी मुली आज टीईटी आणि 'पवित्र' पोर्टलच्या याद्यांकडे डोळे लावून बसल्या आहेत. कोणी खाजगी शाळेत हातात सांगायला लाज वाटेल इतक्या पगारावर शिकवते. म्हणून या वेळी लगेच मान हलवली नाही. म्हटले, बेटा, तुला हे का शिकायचे आहे ते आधी सांग.

तिने सांगितले ते असे. दोन हिवाळ्यांपूर्वी अब्बांनी एका ओळखीच्या मुलाकडून रजया ऑनलाइन विकायला लावल्या. फोटो चांगले आले, ऑर्डरीही आल्या. रजईचे वजन साडेतीन किलो, तेवढ्या वजनाचा पाठवणीचा खर्च धरून किंमत लावली. बिल मात्र सोळा किलोंचे आले. अब्बांना वाटले, लुबाडले. पण कुरिअरवाले हलक्या आणि फुगीर मालाचे वजन काट्यावर धरत नाहीत, खोक्याच्या मापावर धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा 5000 ने भागायचे. 60 गुणिले 45 गुणिले 30 म्हणजे 81,000; भागिले 5000, सोळा किलो दोनशे ग्रॅम. त्यात पैसे माल पोचल्यावर द्यायची सोय. काही गिऱ्हाइकांनी खोके दारातूनच परत पाठवले, आणि जाण्या-येण्याचा भुर्दंड यांच्या माथी बसला.

अब्बांनी यातून धडा घेतला की ऑनलाइनचा धंदा आपला नव्हे. मुलीने घेतला की खोके मोजणारे माणूस घरात नव्हते. मला मुलीचे पटले.

आता पदवीविषयी. नावात ई-कॉमर्स असलेल्या पदव्या देशात आहेत. कोइमतूरच्या भारतीयार विद्यापीठाची बी.कॉम. ई-कॉमर्स आहे. आपल्याकडे बहुधा बी.कॉम. किंवा बीबीएच्या पोटात हा विषय एक-दोन पेपरांपुरता येतो. पाटीवरच्या नावाला मी फारशी किंमत देत नाही. पुणे विद्यापीठाने एका पदवीचे नाव बीसीएवरून बीबीए (सीए) असे केले होते, त्यामुळे विद्यार्थ्याच्या डोक्यात काही कमी-जास्त झाले नसावे. पालकांना मी सांगतो, माहितीपत्रकातली संगणकांची चित्रे राहू द्या, अभ्यासक्रम मागा. परिव्यय लेखांकन आहे का? वस्तू व सेवा कर आहे का? ग्राहक कायदा? मालाची साठवण आणि वाहतूक? नुसत्या व्याख्या पाठ करून घेणार असतील तर तीन वर्षे घालवू नका.

हे कर-कायदे आमच्या गावासाठी पुस्तकी नाहीत. 1956 पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत आम्ही इकडे आलो, पण आदिलाबाद आजही आम्हाला नांदेडपेक्षा जवळ आहे. पूर्वी ऑनलाइन मंचावर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी सक्तीची होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्यांना त्यातून सवलत मिळाली, पण परराज्यात माल न पाठवण्याच्या अटीवर. म्हणजे किनवटचा पिंजारी नोंदणी न करता मंचावरून मुंबईला रजई पाठवू शकतो, आदिलाबादला नाही. शेजारचे गिऱ्हाईक त्याला परराज्यातले! ही गोष्ट सांगणारे आमच्या गल्लीत कोणी नाही. ती मुलगी शिकली तर एक होईल.

उर्दूत शिकलेल्या मुलांना कॉमर्स परके वाटते, हा मला भ्रम वाटतो. जमा, खर्च, बाकी, वसूल, नफा, दलाल, रोजकीर्द हे मराठी हिशोबाचे शब्द फारसी-अरबीतूनच आलेले. माझ्या वर्गात हे शब्द फळ्यावर लिहिले की मुले हसतात, सर, ये तो अपनेच हैं. त्यांना अडते ते इंग्रजीत. तिथे मदत लागते, पण मदत आणि माघार यांत फरक आहे.

दीनचे म्हणाल तर कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाज-रोज्यावर नाही, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर आहे. जवळ नसलेला माल विकू नये, असे हदीसमध्ये आहे. आज जी मुले माल न पाहता, न घेता दुसऱ्याचे फोटो लावून ऑर्डरी घेतात, त्यांनी हा मसला एखाद्या जाणत्या आलिमला विचारावा. हजरत खदीजांच्या व्यापाराची गोष्ट आपण दर जलशात ऐकतो. त्यांचे काफिले शामपर्यंत जात. तीच गोष्ट ऐकून घरी आलेला माणूस म्हणतो, मुलगी नांदेडला एकटी कशी राहील?

खरी अडचण पुढे आली. बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम 2024-25 पासून एआयसीटीईच्या कक्षेत गेले आणि त्यांच्या प्रवेशासाठी महाराष्ट्रात सीईटी सुरू झाली. पहिल्या वर्षी इतक्या मुलांनी ती दिली नाही की पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. आमच्या मुलीने फॉर्मच भरला नव्हता. अशी परीक्षा असते हे तिला ठाऊक नव्हते. आणि खोटे कशाला बोलू, मलाही तिच्या फॉर्मची मुदत संपल्यावर कळले. मी शिक्षक आहे, रोज वर्तमानपत्र वाचतो, तरी माझे लक्ष बी.एड.च्या तारखांपलीकडे गेले नाही. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक शिक्षणाला जाणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झाले आहे. पिंजारी ओबीसीत येतात. म्हणजे फीचे कारणही उरत नाही. उरतात ते आम्ही, ज्यांनी तिला वेळेत सांगायला हवे होते.

सध्या असे ठरले आहे की तिने गावातच बी.कॉम.ला नाव घालावे. वर्ष फुकट घालवू नये, लेखांकन पक्के होईल. सोबत पुढच्या सीईटीची तयारी. ती मिळाली तर नांदेड. नाही मिळाली, तर बी.कॉम. पुरे करून दुकानाचा हिशोब तिच्या हाती. अब्बा अजून पूर्ण राजी नाहीत. नांदेडच्या वसतिगृहाची चौकशी मी करायची, असे माझ्यावर सोपवून गेले.

परवा ती वही घेऊन आली होती. रजई घट्ट गुंडाळून, हवा काढून पिशवीत दाबली तर खोक्याची उंची 30 वरून 18 वर येते. हिशोब बसतो पावणेदहा किलोंच्या आत. "अजून जास्तच आहे सर," ती म्हणाली, "पण अब्बांनी स्वतः टेप धरली होती."