गाळाखालच्या कथा

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे बारवांचे गाव. तेथील चक्राकार पायऱ्यांची बारव गाळाने भरून गेली होती. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी श्रमदानाने ती उपसली आणि पूर्वजांचे शिल्पवैभव पुन्हा उजेडात आले. याच वालूरचे नाते लोकश्रद्धा आदिकवी वाल्मीकींशी जोडते. बारव उपसणाऱ्या गावाने आता स्मृतीवरचा गाळही उपसावा, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. गश्ती निशाण ५३ या हुकुमाने पूर्वपरवानगीवाचून सभा घेण्यास मनाई होती. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली. त्याच वर्षी 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. पुढे रझाकारांच्या अत्याचारांनी खेडोपाडी भय पसरले. व्यासपीठ नाही, वृत्तपत्र नाही, अशा काळी समाजाने धीर कोठून आणावा?

ज्या भूमीत गंगाखेडची जनाबाई जन्मली, तेथे कीर्तन, पोथी आणि जात्यावरची ओवी यांना कोणाच्या परवान्याची गरज नव्हती. वनवासाची कथा ऐकणाऱ्याला एक गोष्ट न सांगता कळते, ती म्हणजे वनवासाला अंत असतो. भय माणसाला एकाकी करते. कथा त्याला दहा जणांत आणून बसवते. संकटकाळात कथाकथन हा विरंगुळा नसतो, ते समाजधारणेचे कार्य असते.

मात्र संकटकाळी आणखी एक गोष्ट कानोकानी फिरते, ती म्हणजे अफवा. अफवेला ना गाव असते, ना साक्षीदार. कथेला सत्याची जबाबदारी टाळता येत नाही. मुक्तिसंग्रामाची कथा सांगताना स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांची नावे येतील, तसेच 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचेही नाव आले पाहिजे. भारतातील विलीनीकरणाचा पुरस्कार केला म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. मुक्तीनंतर काही ठिकाणी निरपराधांना जे सोसावे लागले, तेही झाकू नये. आपल्याला सोयीचे तेवढेच सांगणारा समाज स्वतःचीच फसवणूक करतो आणि पुढच्या पिढीचा विश्वास गमावतो.

आज घाई करण्याचे कारण उघड आहे. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आता पंच्याऐंशी ओलांडून गेले आहे. रात्री रानात लपलेले कुटुंब, भाकरी पोहोचवणारी आई, सीमेपलीकडच्या शिबिरात गेलेला थोरला भाऊ यांच्या आठवणी पुस्तकात नाहीत. त्या ओसरीवर बसलेल्या आजी-आजोबांपाशी आहेत. त्यांच्यासोबत त्या जातील, तर पुन्हा उपसून काढता येतील अशी बारव ती नव्हे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि कुटुंबांनी येत्या मुक्तिदिनी केवळ ध्वजवंदनावर थांबू नये. घरातील ज्येष्ठांसमोर बसावे, ऐकावे, ध्वनिमुद्रित करावे. गाव कोणते, साल कोणते, स्वतः पाहिलेले की ऐकलेले, हे विचारून लिहून ठेवावे. आणि त्या रात्री मुलांना ती कथा सांगावी. पुढचे संकट कोणत्या रूपाने येईल हे कोणी सांगू शकत नाही. त्या वेळी आपली मुले कोणती कथा आठवतील, हे मात्र आज आपल्या हाती आहे.