आमच्यावर सिनेमे काढता, मग आम्हाला दाखवत का नाही?

वर्ष संपत आलं की वर्तमानपत्रांत सर्वोत्तम मराठी चित्रपटांच्या याद्या झळकू लागतात. यंदाच्या याद्यांतली नावं मला मान्य आहेत. ‘स्थळ’, ‘आता थांबायचं नाय’, ‘दशावतार’, ‘सबर बोंडं’, ‘गोंधळ’ हीच नावं मीही दिली असती. २०२५ साल मराठी सिनेमाने गाजवलं, यात शंका नाही. पण या याद्यांसोबतच्या लेखांत एक वाक्य हमखास असतं, की मराठी प्रेक्षकाने या चित्रपटांना डोक्यावर घेतलं. हे वाक्य खोटं आहे. धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातल्या माझ्या गावात माणसं मराठीच बोलतात. आमच्या आळीत माझ्याशिवाय यातला एकही चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिलेलं माणूस शोधून सापडत नाही. त्यांनी हे चित्रपट नाकारले असते तर मी गप्प बसले असते. त्यांच्यापर्यंत ते आलेच नाहीत. आणि याची लाज चित्रपट काढणाऱ्यांना वाटत नाही, दाखवणाऱ्यांना वाटत नाही, अनुदान वाटणाऱ्या सरकारला तर मुळीच वाटत नाही.

‘स्थळ’चंच बघा. जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट ७ मार्चला लागला. चंद्रपूर जिल्ह्यातलं खेडं, कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेला बाप, शिकून अधिकारी व्हायची धडपड करणारी सविता, आणि तिला बघायला येणारे पुरुषांचे घोळके. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. तेच प्रश्न, तेच पोहे, तोच नकार. पडद्यावरचे बहुतेक चेहरे त्याच भागातल्या साध्या माणसांचे. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात याच चित्रपटाला नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. मी तो सोलापुरात पाहिला आणि पाहताना माझ्या गावातल्या मुली एकेक करून डोळ्यांपुढे आल्या. आमच्याकडे कापसाच्या जागी सोयाबीन आहे, एवढाच फरक. सोयाबीन पडलं की पोरीचं कॉलेज सुटतं. ज्या घरांतली माणसं कोयता घेऊन कारखान्यावर जातात, तिथे तर वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून लग्न उरकून टाकतात. या चित्रपटाची खरी प्रेक्षक ती मुलगी आहे. तिच्या बापाने शेजारी बसून तो पाहायला हवा होता. बघायला आलेल्या मंडळींसमोर मान खाली घालून बसलेली सविता पाहून कदाचित त्याला पहिल्यांदा कळलं असतं, की आपल्या ओसरीवर आपण काय करतो.

याच ‘स्थळ’ची निवड राज्य सरकारने यंदा कानच्या चित्रपट बाजारासाठी केली. फ्रान्सच्या समुद्रकिनारी आपला सिनेमा न्यायला माझी हरकत नाही, जरूर न्या. पण सरकारची जी यंत्रणा कानपर्यंत पोचते, ती भूम, वाशी, लोहाऱ्याच्या बाजारतळापर्यंत का पोचत नाही? परदेशी पाहुण्याला महाराष्ट्रातल्या मुलीचं दुःख दाखवायची जेवढी घाई आहे, तेवढी त्या मुलीला दाखवायची का नाही? मराठी चित्रपटाला अ दर्जा मिळाला तर ४० लाख आणि ब दर्जा मिळाला तर ३० लाख अनुदान आहे. हा पैसा लोकांचा आहे. तो चित्रपट काढायला मिळतो. तो लोकांना दिसतो की नाही, याचा जाब कुणी विचारत नाही. ऊस आमच्या रानातला आणि साखरेचं पोतं मात्र आमच्या दारावरून पुढे जाणार, असा हा व्यवहार आहे.

निर्मात्यांचं उत्तर मला पाठ आहे: थिएटर मिळत नाहीत. खरं आहे, मिळत नाहीत. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सांना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं होतं. दहा वर्षांनी, यंदाच्या जुलैत, ‘येरे येरे पैसा ३’ आणि ‘सैयारा’ एकाच दिवशी लागले आणि आठवड्याभरात मराठी चित्रपटाचे पडदे हिंदीने काढून घेतले. त्यावर मुंबईत आरडाओरडा झाला आणि तो रास्तच होता. पण ते भांडण कुठल्या पडद्यांसाठी होतं? मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक. ज्या तालुक्यांत पडदाच उरलेला नाही, त्यांच्यासाठी गेल्या दहा वर्षांत कुणी एक मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. पूर्वी रिळांची पेटी यावी लागायची. एका प्रिंटला खर्च पडायचा, म्हणून आडगावात सिनेमा उशिरा पोचायचा. आता पेटी नाही, प्रिंट नाही. उपग्रहावरून किंवा हार्डडिस्कवरून चित्रपट एकाच दिवशी कुठेही लावता येतो. खर्चाचं जुनं कारण संपलं तरी चित्रपट येत नाही. याचा अर्थ आम्ही त्यांच्या हिशेबातच नाही.

आता गावाहून सिनेमाला जायचं म्हणजे काय, तेही ऐका. जवळचं गाव बार्शी. मोठा पडदा हवा तर सोलापूर. मराठी चित्रपटाला खेळ मिळतो तो सकाळी साडेनऊचा, नाहीतर रात्री दहाचा. साडेनऊच्या खेळाला पोचायचं तर धारा काढून, स्वयंपाक उरकून पहाटेच निघायला हवं. रात्री दहाच्या खेळाला गेलेली बाई परत कशाने येणार? शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते. मार्च २०२३ पासून एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे. या एका सवलतीने आमच्यासाठी जेवढी दारं उघडली, तेवढी कुठल्या भाषणाने उघडली नाहीत. पण एसटीने स्वस्तात शहरात उतरलेल्या बाईला पुढे तिकीटखिडकीवर दीडशे-दोनशे रुपये मोजावे लागतात. तिची दिवसभराच्या खुरपणीची हजेरी तीनशेच्या आसपास. सप्टेंबरात जीएसटी बदलला: शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के तसाच राहिला. शंभराच्या आतलं तिकीट देणारी जुनी थिएटरं बंद पडत गेली आणि मग त्या तिकिटावरचा कर उतरवला. हा निर्णय ती बंद पडण्याआधी व्हायला हवा होता.

आणि त्या सप्टेंबराबद्दल बोलायलाच हवं. सगळ्या याद्या सांगतात की यंदाचा सप्टेंबर मराठी सिनेमाचा होता. १२ तारखेला ‘दशावतार’ आला. एक्याऐंशी वर्षांच्या दिलीप प्रभावळकरांनी त्यात जे काम केलं आहे, ते पुढची अनेक वर्षं नटांना शिकवायला पुरेल. १९ तारखेला ‘सबर बोंडं’ आला. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाने जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं होतं. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या, लग्न कधी करतोस म्हणून पिच्छा पुरवणारे नातेवाईक, आणि सगळं जाणणारी आई. दोन पुरुषांचं प्रेम इतक्या साधेपणाने, एकदाही आवाज न चढवता, आमच्यासारख्याच गावात घडताना दाखवायला मोठी हिंमत लागते. माझ्या मते हा वर्षातला सर्वांत धीट चित्रपट. मी तो पुण्याला भाचीकडे गेले होते तेव्हा पाहिला. अशी मुलं आमच्या गावांतही आहेत. ती कुणाला सांगत नाहीत, लग्नं लावली जातात, दोन आयुष्यं नासतात. त्यांच्या आयांनी हा चित्रपट पाहायला हवा होता.

‘सबर बोंडं’ लागला त्याच आठवड्यात सीना नदीला पूर आला. परंडा आणि भूम तालुक्यांत घरांत पाणी शिरलं, माणसं हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली, जनावरं दगावली, सोयाबीन कुजलं, कित्येकांच्या रानातली मातीच खरवडून गेली. त्या दिवसांत कुणाला सिनेमा सुचणार? कुणालाच नाही, आणि सुचायलाही नको. पण दिवाळी झाली, पंचनामे झाले, माणसं पुन्हा उभी राहू लागली, तेव्हा ते चित्रपट कुठे होते? मोठ्या शहरांतून उतरून गेले होते. आमच्यासाठी त्यांना पुन्हा लावावं, पूरग्रस्त तालुक्यांत चार खेळ फुकट करावेत, असं एकाही निर्मात्याला, एकाही मंडळाला वाटलं नाही. मदतीची पाकिटं घेऊन फोटो काढायला कलावंत येतात. आपलं काम घेऊन कुणी येत नाही.

‘गोंधळ’चं दुःख तर सर्वांत मोठं. संतोष डावखर यांचा हा चित्रपट १४ नोव्हेंबरला लागला आणि त्याच महिन्यात गोव्याच्या इफ्फीत त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला. मनाविरुद्धच्या लग्नात अडकलेल्या सुमनची गोष्ट गोंधळाच्या एका रात्रीत घडते. संबळ, तुणतुणं, दिवटी, भरलेला चौक. हा विधी कुणाचा? ज्या भवानीला गोंधळात आवतण जातं, ती तुळजापुरात, आमच्या जिल्ह्यात बसली आहे. गोंधळ्यांची कित्येक घरं तिच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या जगली. या चित्रपटाचा पहिला खेळ तुळजापुरात, देवीच्या पायथ्याशी, गोंधळ्यांना समोर बसवून व्हायला हवा होता. त्यांनी पाहून सांगितलं असतं, कुठे बरोबर वाजलं आणि कुठे चुकलं. तो अभिप्राय कुठल्याही परीक्षक मंडळाच्या अभिप्रायापेक्षा मोलाचा ठरला असता.

पडदा नसल्याचं दुःख पुढाऱ्यांना नाही, कारण त्यांना हवा तो सिनेमा ते हवा तिथे दाखवू शकतात. फेब्रुवारीत ‘छावा’ आला तेव्हा गावोगावच्या पुढाऱ्यांनी खेळच्या खेळ विकत घेतले, गाड्या भरून पोरं नेली, थिएटरबाहेर स्वतःच्या तोंडाचे फलक लावले. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा चित्रपट पोरांनी जरूर पाहावा. पण ‘स्थळ’चा एक खेळ मुलींसाठी यांतल्या कुणी का घेतला नाही? पालिकांच्या सफाई कामगारांसाठी ‘आता थांबायचं नाय’ का लावला नाही? मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी होतात, अशी ती खऱ्या घटनेवरची गोष्ट आहे. ती पाहून एखाद्या कामगाराने पुन्हा दप्तर उचललं असतं. पण ज्या चित्रपटाने मिरवणूक निघत नाही, त्यात पुढाऱ्याला रस नाही. नुकत्याच नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या. माझ्या हाती आलेल्या प्रचाराच्या एकाही पत्रकात चित्रपटगृह हा शब्द नव्हता.

मोबाईलवर मिळतोच की सगळा सिनेमा, असं शहरातले मित्र म्हणतात. मोबाईल कुणाचा? घरातला बरा फोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. बाई तो हातात घेते ती दहा मिनिटं, कढईवर लक्ष ठेवून. सिनेमा म्हणजे तीन तास कुणी हाक मारणार नाही अशी अंधारातली जागा. ती जागा पुरुषाला पारावर मिळते, आम्हाला कुठेच मिळत नाही. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ लागला तेव्हा आम्ही जावा-जावांनी, शेजारणींनी जीप ठरवून बार्शी गाठली. थिएटर बायकांनी भरलं होतं. परतताना जीपमध्ये जे बोलणं झालं, ते त्या बायका कधी घरात बोलल्या नव्हत्या. ते फोनवर घडत नाही.

खेड्यातला प्रेक्षक येत नाही, हा शेवटचा बहाणा, आणि तो सर्वांत नीच आहे. २०१६ साली ‘सैराट’ कुणी उचलला? साताऱ्याजवळच्या रहिमतपुरात रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले होते. तो चित्रपट घडतो ते करमाळा आमच्या परंड्याच्या शिवेला लागून आहे. नागराज मंजुळे जेऊरचे. ‘म्होरक्या’चे अमर देवकर आणि ‘कस्तुरी’चे विनोद कांबळे बार्शीचे, आणि या दोन्ही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जो टापू असे दिग्दर्शक देतो, त्याला सिनेमा कळत नाही असं म्हणायची हिंमत होते कशी? जत्रेतल्या तंबूत मातीवर बसून सिनेमा पाहिलेली आमची पिढी अजून जिवंत आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा माणसं दुष्काळी तालुक्यांतून एसटी करून आली आणि पुस्तकांच्या पिशव्या घेऊन परतली. भूक आहे. वाढणारे हात आखडलेले आहेत.

उपाय अवघड नाही. केरळमध्ये सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाची स्वतःची थिएटरं आहेत आणि ती चेरतला, चित्तूर अशा लहान गावांतही आहेत. आपल्याकडेही महामंडळ आहे, चित्रनगरी आहे, अनुदान आहे. नसेल थिएटर बांधायचं, तर नगर परिषदांची सभागृहं आहेत, कॉलेजांचे हॉल आहेत, लग्नसराई संपली की महिनोन्‌महिने कुलुपात राहणारी मंगल कार्यालयं आहेत. चांगला प्रोजेक्टर, पडदा आणि आवाजाची यंत्रणा एका टेम्पोत मावते. अनुदानाच्या नियमात एक कलम घाला: चित्रपटगृह नसलेल्या तालुक्यांत, दुपारच्या वेळी, पन्नास रुपये तिकिटात ठरावीक खेळ झाल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. मग बघा, निर्माते स्वतः टेम्पो घेऊन येतात की नाही.

२६ जानेवारीला गावोगावी ग्रामसभा आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचकाने, आणि विशेषतः प्रत्येक बाईने, त्या सभेत उभं राहून हा ठराव मांडावा: आमच्या तालुक्यात महिन्यातून किमान एक मराठी चित्रपट, मोठ्या पडद्यावर, शेवटची एसटी सुटायच्या आत. ठराव लिहून घ्या, सरपंचाची सही घ्या आणि त्याची एक प्रत सांस्कृतिक कार्य विभागाला पाठवा.