दातांची साक्ष

बैलबाजारात जनावर घेताना आपण आधी त्याचे तोंड उघडून पाहतो. आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेला, हे दातच सांगतात. विकणारा काही का म्हणेना. माणसाचे दात तर वयाच्याही पुढे जाऊन तो माणूस कोण, हे सांगू शकतात.

आग, पूर, अपघात यांत कधी कधी देह ओळखू येत नाही. दात मात्र बहुधा टिकतात, कारण दातावरचे कवच हा शरीरातला सर्वांत कठीण भाग आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत थायलंडच्या किनाऱ्यावर हजारो माणसे गेली. त्यांत परदेशी प्रवासी पुष्कळ होते. त्यांच्या गावच्या दंतवैद्यांकडून जुने कागद आणि एक्स-रे मागवले, आणि अनेकांची ओळख दातांवरून पटली. तिथल्या गावकऱ्यांकडे मात्र असे कागद फारसे नव्हते. त्यांच्या घरच्यांना बोटांचे ठसे आणि डीएनए यांवरच भिस्त ठेवावी लागली.

आता फिल्मऐवजी डिजिटल एक्स-रे निघतो. तोंडात छोटी पट्टी ठेवली की काही क्षणांत चित्र संगणकावर दिसते. ते पिवळे पडत नाही, आणि दुसऱ्या गावी लगेच पाठवता येते. तज्ज्ञ जुने आणि नवे चित्र शेजारी ठेवून मुळांची वळणे आणि भरलेल्या दाढेचा आकार ताडून पाहतात. जुन्या चित्रात असलेली दाढ आता नसेल, तर ती मधल्या काळात काढली असेल. पण जुन्या चित्रात काढलेली दाढ आता जागेवर दिसली, तर माणूस वेगळाच! काढलेली पक्की दाढ पुन्हा उगवत नाही.

हे सारे आपल्याला कशाला, असे म्हणू नका. ओळख पटली नाही तर मृत्यूचा दाखला अडतो आणि सातबाऱ्यावर वारसांची नोंदही अडते. बेपत्ता माणसाला कायदा मृत मानतो, तो सहसा सात वर्षे काही ठावठिकाणा लागला नाही तरच. तोवर घरच्या बाईने कुठे कुठे खेटे घालायचे?

म्हणून एवढे करा. दाताचा एक्स-रे काढला की त्याची प्रत मागा. तीवर नाव, तारीख आणि डावी-उजवी बाजू आहे ना, ते पाहा. मोबाइलवर पाठवलेले चित्र कधी कधी पुसट होते, म्हणून मूळ फाइलच घ्या. आजीआजोबांची कवळी करताना तिच्यात नाव घालून मागा. दवाखान्याचे कागद नसतील, तर दात नीट दिसतील असा हसरा फोटो तरी घरात असू द्या. त्याचाही उपयोग होतो.

हे सारे सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा, आणि कुठे ठेवले ते घरातल्या दोघांना तरी सांगा.