शेगडी आपणच विकत घेऊ

परवाच्या बैठकीत हिवाळी शिबिराच्या खर्चाचा विषय निघाला. राहुट्या भाड्याने, सतरंज्या नेहमीच्या मंडपवाल्याकडून, एसटीचं तिकीट ज्याचं त्याने. मग कोणीतरी म्हणालं, यंदा संध्याकाळी बाहेर भाजायला एक जाळीची शेगडी घेऊया, ते बार्बेक्यू म्हणतात ते. ठराव एका मिनिटात पास झाला. पुढचं वाक्य मात्र माझ्या डोक्यात अजून ठसठसतंय. "यांना सांगते मी. यांना त्यातलं कळतं. तेच बघून आणतील आणि हवं तर पहिल्या दिवशी येऊन पेटवूनही देतील."

मैत्रिणींनो, त्या खोलीत आम्ही अकरा जणी होतो. सगळ्यांच्या चुलीवरच्या, शेगडीवरच्या, स्टोव्हवरच्या वर्षांची बेरीज केली तर तीनशेच्या वर जाईल. ओली लाकडं पेटवण्यापासून दुसऱ्याच्या घरचा गॅस लीक होतोय हे उंबऱ्यावरून ओळखण्यापर्यंत सगळं आम्हाला येतं. आणि चार पाय, एक पत्र्याचा डबा आणि वर जाळी, एवढ्या वस्तूतलं मात्र 'यांना' कळतं!

हा चमत्कार कुठून आला? विस्तव घरात असला की बाईचा आणि अंगणात आला की पुरुषाचा, ही वाटणी जुनीच आहे. रोजचं जेवण बाईचं, लग्नातला आचारी पुरुष. त्याला आता परदेशी फोडणी मिळाली आहे. अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात मोटारीच्या लाकडातून उरलेल्या तुकड्यांचा कोळसा करून तो मोटारीच्याच दुकानांतून, सहलीच्या छोट्या शेगड्यांसह विकला गेला. १९५२ साली शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने समुद्रातल्या तरंगत्या बोयाचा गोळा कापून झाकणाची शेगडी बनवली. तो ज्या पत्र्याच्या कारखान्यात होता तिथे बोये तयार होत. त्या काळातल्या जाहिराती पाहा: एप्रन बांधलेला बाप मांस भाजतोय आणि आई ताटं घेऊन कौतुकाने बघतेय. माल खपवायला चित्र लागतं, तसं ते काढलं. आपल्याकडे पवना धरणाच्या काठावर तंबूंची गर्दी झाली, तेव्हा शेगडीबरोबर ते चित्रही आलं.

अशा एका सहलीला मी गेले होते. भावकीतली पाच कुटुंबं होती. आदल्या रात्री कोंबडी धुऊन, चिरे देऊन, दह्यात आलं-लसूण लावून कोणी ठेवली? कांद्याच्या चकत्या, पुदिन्याची चटणी, लिंबं, प्लेटा, पोरांसाठी वेगळं बिनतिखट, म्हाताऱ्यांसाठी वेगळं बिनमांसाचं? संध्याकाळी दीड तास पुरुषमंडळी हातात पुठ्ठा घेऊन शेगडीभोवती उभी होती. "आज बायकांना सुट्टी!" असं तीन वेळा जाहीर झालं. पहिला तुकडा तोंडात गेल्यावर टाळ्या पडल्या. आणि रात्री साडेदहाला त्या सुट्टीवरच्या बायका गार पाण्यात राखेने चिकट जाळी घासत होत्या. मी एका दिराला म्हटलं, "भाऊजी, जाळीही तुमचीच ना?" तो हसला. त्याला खरंच तो विनोद वाटला.

पण केवळ टाळ्या कोणाला मिळाल्या याचा हिशोब मांडायला मी हा लेख लिहीत नाही. मला दुसरं सांगायचं आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच एका शिबिरात असाच एक हितचिंतक दिवसभरासाठी आला होता. शेगडी त्याने आणली, त्यानेच पेटवली, कोणाला हात लावू दिला नाही. "तुम्ही बोला, चर्चा करा, हे मी बघतो." आम्हाला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. नऊ वाजता तो शेवटच्या गाडीने गेला. थंडी मरणाची होती. राहुटीतल्या तिघींनी उरलेला विस्तव शेगडीसकट आत घेतला आणि राहुटीची चेन लावली. धूर मुळीच नव्हता. निखाऱ्यांवर छान पांढरी राख धरली होती.

पहाटे त्यातली एक उलटीला उठली आणि दारातच कोसळली. आवाजाने आम्ही धावलो. आतल्या दोघी हलवूनही उठेनात. एकीच्या तोंडून नुसता घोगरा आवाज. ओढत बाहेर काढल्या. आम्हाला वाटलं, कोंबडी कच्ची राहिली असेल, विषबाधा झाली. जीपमध्ये घालून नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आत शेगडी होती का?" तिघींना प्राणवायू लावला. तिघी वाचल्या. एकीचं डोकं पुढे कित्येक आठवडे दुखत होतं.

कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही, धूर नाही. रक्तातला प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपेतच माणूस जातं. उत्तर भारतातून दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात, त्या ह्याच. विझत आलेला निखाराही तो सोडत राहतो. राहुटीची खिडकी थोडी उघडी ठेवली म्हणजे झालं, असंही नाही.

आम्ही कोण होतो? गावोगाव चुलीच्या धुराविरुद्ध बोलणाऱ्या बायका. घरातल्या धुराने जगभरात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आज आम्ही पोस्टरवर लिहितो. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, जोडणी बाईच्या नावाने मिळाली, आणि पुढची टाकी भरायला पैसे नाहीत म्हणून चूल चालूच राहिली, हे आम्ही मोर्च्यात ओरडून सांगितलं. धूर आमचा ओळखीचा शत्रू. म्हणून धूर नाही म्हणजे धोका नाही, असं आम्ही धरून चाललो. आणि ज्याला 'त्यातलं कळत होतं' तो जाताना एक वाक्य बोलला नाही. त्याला माहीत नव्हतं की सांगायचं सुचलं नाही, ते मी विचारलं नाही. पण शेगडी आम्ही निवडली असती, माहिती वाचली असती, स्वतः पेटवली आणि विझवली असती, तर ती आत गेली नसती.

म्हणून माझं म्हणणं: शेगडी आपण विकत घ्यायची. दुकानात आपण जायचं. दुकानदार "साहेबांना घेऊन या" म्हणाला तर दुसरं दुकान बघायचं.

काय बघायचं तेही सांगते, कारण मी गेल्या महिन्यात चार दुकानं पालथी घातली. घडीची पेटी दिसायला सुबक असते आणि खांद्यावरून एसटीत नेता येते. पण मधोमध तळहाताने दाबून बघा. पत्रा दबला तर दोन वेळच्या विस्तवात तो वाकणार. पाय उघडून हलवा, वर भरलेलं पातेलं ठेवल्यासारखा जोर द्या. तळाला हवेची भोकं हवीत, आणि ती झाकता-उघडता आली पाहिजेत, कारण आच कमीजास्त करण्याचा तोच कान आहे. राखेचा वेगळा ट्रे असावा. झाकण असलं तर उत्तम: भाजणंही नीट होतं आणि शेवटी भोकं व झाकण बंद केलं की विस्तव गुदमरतो. जाळीवर जस्ताचा मुलामा नको, तापल्यावर त्याची वाफ अपायकारक असते. साधी लोखंडी किंवा स्टीलची घ्या. जाळीच्या सळ्या इतक्या लांब नकोत की मिरची खाली पडेल. दुकानदार मिरचीची परीक्षा करू देत नाही, मी बोट घालून बघितलं. गॅसवरची शेगडी स्वच्छ असते, पण भरलेली टाकी रेल्वेने नेता येत नाही, आणि बंद राहुटीत तिचाही भरवसा नाही.

पहिल्यांदा अर्धा तास रिकामीच तापवा, म्हणजे रंग-तेल जळून जाईल. रॉकेल-पेट्रोल ओतायचं नाही, खाली कागद आणि काटक्या पुरतात. निखाऱ्यावर राखाडी थर धरेपर्यंत काही ठेवायचं नाही. अर्धा तास लागतो, तेवढ्यात बैठकीचा एक मुद्दा होतो. निखारे एका बाजूला ओढून ठेवा: तिकडे वांगी आणि मक्याची कणसं, इकडे कमी आचेवर रताळी आणि कोंबडीचे जाड तुकडे. कच्च्याची आणि भाजलेल्याची ताटली वेगळी. हाडाजवळ गुलाबी दिसलं तर परत जाळीवर. वनखात्याच्या जंगलात मात्र पेटवायचीच नाही, १९२७ चा कायदा आहे आणि वणव्याला तर कायदाही लागत नाही. मोकळी जागा, बाजूला पाण्याची बादली. झोपण्यापूर्वी पाणी ओतून, ढवळून, पुन्हा ओतून विझवायची, आणि शेगडी सकाळपर्यंत बाहेरच.

आता कोळशाचं. पिशवीतला लोणारी कोळसा आकाशातून पडत नाही. रायगड-ठाण्याच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की उचल घेऊन भट्ट्यांवर जातात. झाडं तोडणं, रचणं, मातीने लिंपणं, रात्र रात्र जागून भट्टी राखणं, यात बाईचे आणि पोरांचे हात असतात. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात, त्यातलाच हा हिशोब. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली म्हणतात. आपल्या शिबिराला चार किलो कोळसा लागेल, त्याने भट्टी बंद पडणार नाही हे मलाही कळतं. पण कोळसा कुठून आला हे दुकानात विचारायला काय हरकत आहे? नारळाच्या करवंटीचा कोळसाही मिळतो. यंदा मी तोच सुचवणार आहे.

बैठकीत एका तरुण मैत्रिणीने आक्षेप घेतला, तो टाळण्यासारखा नाही. "ताई, आम्ही स्वयंपाकातून सुटायला शिबिराला येतो. तिथेही शेगडी कशाला? केटररचा डबा मागवा." अगं, बरोबर आहे तुझं, दोन्ही दुपारी डबाच आहे. पण डबा भरणारी ताईही कुठल्यातरी चुलीपाशी उभी असते. आणि विस्तवाचा कंटाळा वेगळा, विस्तवाभोवतीच्या सक्तीचा कंटाळा वेगळा. लहानपणी हुरड्याच्या आगटीभोवती मी बसले आहे. तिथे राखेतली कणसं चोळताना ज्या गप्पा झाल्या त्या स्वयंपाकघरात कधी झाल्या नाहीत. ती मजा आपल्याला वर्ज्य का असावी?

तेव्हा यादी अशी केली आहे. पेटवायला दोघी, त्यातली एक पहिल्यांदाच हात लावणारी. चिरायला, मसाला लावायला ज्या असतील त्या भाजायला नाहीत. जाळी घासणं चिठ्ठ्या टाकून. मुलांच्या वडिलांपैकी जे येणार आहेत त्यांचीही नावं चिठ्ठ्यांत घातली आहेत, त्यांना तसं कळवलं आहे. दोघांनी येत नाही म्हणून निरोप पाठवला. विझवण्याची जबाबदारी एकीची, आणि तिने राहुट्यांमध्ये फिरून बघितल्याशिवाय झोपायचं नाही.

पावती कार्यालयात लावली आहे. शेगडी टेबलाखाली आहे. ज्यांना आधी पेटवून बघायची असेल त्यांनी शनिवारी दुपारी मागच्या अंगणात यावं, वांगी मी आणते.